हजेरी कुणी घेत नाही, तरी आपण लावतो

प्रश्न इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "आपण कुठं आहोत हे फोनला आता आपोआप कळतं. तरी काही लोक एखाद्या ठिकाणी पोचल्यावर ॲप उघडून, यादीतून जागा निवडून, बटण दाबून चेक-इन का करतात? हा प्रकार दहा-बारा वर्षांपूर्वीच संपला नव्हता का? आणि प्रोजेक्ट म्हणून फक्त कोल्हापूरसाठी असं ॲप केलं तर चालेल का?"

मी शाहूपुरीत बसून गेली पंधरा वर्षं नकाशांच्या डेटाची साफसफाई करतो. एकच दुकान तीन नावांनी नोंदलेलं असतं, बंद पडलेली खानावळ नकाशावर चालू दिसते, एखादं हॉस्पिटल चुकून नदीत जाऊन पडलेलं असतं. हे निस्तरायचं काम. शिवाय २०११ पासून मी स्वतः चेक-इन करतो, त्यामुळं धंदा आणि खाज अशा दोन्ही बाजूंनी उत्तर देता येईल.

संपला तो गुंतवणूकदारांचा एक अंदाज. सवय संपलेली नाही. आणि ती का संपली नाही हे समजायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही, माघातल्या रविवारी पहाटे शिवाजी पुलावर उभं राहिलं तरी पुरे.

माघ महिन्यात जोतिबाचे खेटे असतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. माघात सुरुवात करून पाच रविवारी कोल्हापुरातून चालत जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला जायचं. पूल ओलांडला की वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख, आणि मग डोंगर. अंबाबाईनं स्वतः अनवाणी खेटा घातला अशी श्रद्धा आहे, म्हणून बरेच जण अनवाणीच चालतात. (सरकारी कचेरीत घालतो तेही खेटेच, पण तिथं शेवटी गुलाल मिळत नाही.) आता यातली मांडणी बघा. ठिकाण ठरलेलं, वार ठरलेला, संख्या ठरलेली. चार झाले आणि पाचवा चुकला तर वर्षभर मनात राहतं. वर पोचल्यावर कुणी वहीत नाव लिहून घेत नाही, प्रमाणपत्र देत नाही. तरी सोमवारी ऑफिसात पहिला प्रश्न असतो, "कितवा झाला?"

हा प्रश्न चेक-इन ॲपच्या पोटात आहे. मराठीत चेक-इनला शब्द शोधायचा तर "ठिकाण-नोंद" वगैरे सरकारी शब्द नकोत. आपल्याकडं "हजेरी लावणं" आहे. हजेरी आणि लोकेशन यांत फरक आहे. फोनचं लोकेशन दुसरं कुणीतरी घेतं. हजेरी आपण होऊन लावतो. तालमीत पोरगा येऊन मातीला हात लावून कपाळाला लावतो, ती हजेरी. दारावरच्या कॅमेऱ्यात तो आत शिरताना दिसला, ती नोंद. दोन्हींतून माहिती एकच मिळते, तरी त्या पोराला विचारा दोन्ही सारखंच का म्हणून.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे लगेच पटेल. आजोबा कधी आले, सोबत कोण होतं, गाव कुठलं, खाली सही किंवा अंगठा. आपण तिथं गेलो की गुरुजी पान उघडून दाखवतात आणि आपलंही नाव खाली चढतं. पिढ्यान् पिढ्या चाललेलं चेक-इनच आहे ते, सर्व्हर तेवढा लाल कापडात बांधलेला.

थोडा इतिहास, कारण तुम्ही "संपला" म्हणालात. डेनिस क्राउली आणि ॲलेक्स रेनर्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये डॉजबॉल नावाची सेवा काढली तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. तुम्ही कुठल्या जागी आहात ते एसएमएसनं कळवायचं, मग ती तुमच्या मित्रांना एसएमएस करायची. २००५ मध्ये गूगलनं ती विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. त्याच वर्षी मार्चमध्ये क्राउली आणि नवीन सेल्वादुराई यांनी अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या महोत्सवात फोरस्क्वेअर हे चेक-इन ॲप आणलं. ऑस्टिनचंच गोवाला होतं, दिसायला फार देखणं, प्रत्येक जागेचा पासपोर्टसारखा शिक्का. २०१० च्या ऑगस्टमध्ये फेसबुकनं प्लेसेस ही चेक-इनची सोय आणली, आणि तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता माणूस घरातून बाहेर पडला की गावाला सांगूनच पडणार.

तसं झालं नाही. गोवालाची मंडळी २०११ च्या शेवटी फेसबुकात गेली आणि पुढच्या मार्चमध्ये ॲप बंद झालं. मूळ संस्थापकानं ते २०२३ मध्ये पुन्हा आणलं, यावरून खाज किती चिवट असते ते कळेल. केव्हिन सिस्ट्रॉमनं बर्बन नावाचं चेक-इन ॲप केलं होतं. त्यात लोक चेक-इन सोडून फोटोच टाकतात हे त्याच्या लक्षात आलं, बाकी सगळं कापून त्यानं फक्त फोटो ठेवले, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ते इन्स्टाग्राम म्हणून बाहेर आलं. हे उदाहरण तुमच्या बाजूचं आहे, म्हणून लपवत नाही. बहुसंख्य लोकांना हजेरी लावायची नसते, दाखवायचं असतं.

पण पुढची गोष्ट बघा. २०१४ मध्ये फोरस्क्वेअरनं स्वतःचे दोन तुकडे केले. एक ॲप "कुठं जावं, काय खावं" सांगणारं, आणि दुसरं, स्वॉर्म, नुसतं चेक-इनचं. तेव्हा आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाचं मत होतं की पहिलं टिकेल, दुसरं वर्षभरात जाईल. माझंही होतं. डिसेंबर २०२४ मध्ये "कुठं जावं" वालं ॲप बंद झालं. स्वॉर्म राहिलं. शिफारशीचं काम गूगल मॅप्सनं फुकटात आणि जास्त चांगलं केलं, त्यामुळं तिथं दुसऱ्याला जागाच उरली नाही. हजेरीचं काम मात्र कुणी हिसकावून घेतलं नाही, कारण त्यात पैसा दिसत नव्हता.

पैसा नव्हता असंही नाही, तो मागच्या दारानं होता. २०१६ मध्ये फोरस्क्वेअरनं लोकांच्या ये-जा करण्यावरून जाहीरपणे सांगितलं की चिपोटले या अमेरिकन हॉटेल साखळीची पहिल्या तिमाहीची विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरेल. कंपनीचे आकडे आले तेव्हा जुन्या शाखांची घट २९.७ टक्के निघाली. पुढं हाच त्यांचा मुख्य धंदा झाला. कोट्यवधी वेळा माणसांनी बटण दाबून "मी या दुकानात आहे" म्हटलं होतं. त्यावरून संगणकाला शिकवता आलं की एखाद्या दुकानात असलेल्या फोनला आसपासचे वायफाय, जीपीएस कसे दिसतात. शिकल्यावर मग बटण न दाबणाऱ्याचाही अंदाज बांधता येतो. २०१७ मध्ये त्यांनी हे तंत्र इतर ॲपवाल्यांना द्यायला काढलं, त्याचं नाव पिलग्रिम, म्हणजे यात्रेकरू. नाव ठेवणाऱ्याला जोतिबा ठाऊक नसणार, पण बसलं मात्र नेमकं.

आता तुमच्या प्रश्नाचा मुख्य भाग: आपोआप कळतं, मग बटण कशाला?

पहिलं म्हणजे, तितकंसं कळत नाही. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. रंकाळ्याच्या काठावर ठीक. महाद्वार रोडला या. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले, वर पत्रे, बोर्ड. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटत येतो आणि फोनला वाटतं तुम्ही पलीकडच्या बोळात आहात. उंची तर सोडूनच द्या. खाली चपलांचं दुकान, वर क्लास, त्याच्या वर दाताचा डॉक्टर. नकाशावर तिघांचा ठिपका एकच. अँड्रॉइडवर एखाद्या जागेभोवती अदृश्य कुंपण घालून "फोन आत आला" असं ओळखायचं असेल तर त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवा, असं गूगलचंच सांगणं आहे. अंबाबाईच्या देवळापासून १०० मीटरचं वर्तुळ काढून बघा, त्यात कोल्हापूरचा अर्धा बाजार येतो. तुम्ही ओटी भरायला आला होतात, गुजरीत दागिना मोडायला, की बायको आत गेली म्हणून चप्पल स्टँडशी उभे होतात? फोन म्हणणार, चाळीस मिनिटं इथं थांबले.

याचा मला घरचा अनुभव आहे. केशवराव भोसले नाट्यगृह खासबाग या कुस्तीच्या मैदानाला चिकटून. मैदान १९१२ चं, नाट्यगृह १९१५ चं, दोन्ही शाहू महाराजांची करणी, आणि मध्ये अंतर जवळजवळ नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी फोनात शोधलं, आपण तिथं किती वेळा गेलो. फोनातल्या आपोआप नोंदवल्या जाणाऱ्या इतिहासात नाट्यगृह तीनदा होतं. खासबाग मैदान मात्र एकोणीस वेळा, रात्री नऊ ते साडेबारा. त्या नोंदीप्रमाणे मी मोठा कुस्तीशौकीन, आणि तोही रात्रीच्या कुस्त्यांचा.

मग चेक-इनची यादी उघडली. तिथं सव्वीस होते, प्रत्येकाखाली मी त्या त्या वेळी खरडलेली ओळ. "पहिली घंटा झाली, पार्किंग नाही." "मध्यंतरात वडा संपला." "पडदा अडकला, प्रेक्षकांतून टाळ्या." आणि २०१४ मधली एक: "बाबांना दुसऱ्या रांगेत बसवलं. ऐकू येतंय म्हणाले." बाबा त्यानंतर नाटकाला आले नाहीत. ती ओळ लिहिताना मी फक्त पोचल्याची नोंद करत होतो, दहा वर्षांनी ती अशी समोर येईल असं डोक्यातही नव्हतं. रोजनिशी लिहायला मी बसलो असतो तर दोन जानेवारीला सोडून दिली असती.

माझ्या ओळखीतले जे कुणी अजून चेक-इन करतात त्यांचं कारण थोड्याफार फरकानं हेच निघतं. मित्र केव्हाच ॲप सोडून गेले, बॅज गेले, सवलतीची कुपनं तर कोल्हापूरपर्यंत कधी आलीच नाहीत. उरली ती रोजनिशी, जी लिहायला चार सेकंद लागतात. आणि यातली मेख अशी की ते चार सेकंदच कामाचे आहेत. बटण दाबायला थांबलं की माणूस क्षणभर मान वर करून जागेकडं बघतो. आपोआप नोंद झाली की हे बघणंच गळून पडतं. आमच्याकडं शिकाऊ पोरं येतात, ती हमखास सुचवतात की हे बटण काढून टाकू, वापरणाऱ्याचा त्रास वाचेल. मी म्हणतो, देवळातली घंटाही मोटर लावून वाजवू मग.

चढाओढीचं आकर्षण मी कमी लेखत नाही. सुरुवातीच्या फोरस्क्वेअरमध्ये गेल्या ६० दिवसांत सर्वांत जास्त दिवस ज्याची हजेरी, तो त्या जागेचा मेयर. पेठापेठांच्या आणि तालमींच्या ईर्ष्येवर फुटबॉल चालवणाऱ्या गावाला हे समजावून सांगावं लागलं नाही. २०१२ च्या सुमारास मिरजकर तिकटीजवळच्या एका चहाच्या गाड्यावर आम्ही दोघे मेयरपदासाठी भांडत होतो. मी आणि एक बँकेतला माणूस, ज्याला मी तोपर्यंत ॲपमधल्या फोटोवरूनच ओळखत होतो. मी रविवारीही जायला लागलो, तोही. एकदा समोरासमोर आलो आणि हसू फुटलं. गाडेवाल्यानं विचारलं म्हणून सगळा प्रकार सांगितला. तो कप विसळता विसळता म्हणाला, "मेयर कुणी का असंना, उधारी कुणाची जास्त हाय ते माझ्या वहीत बघा."

२०१४ मध्ये स्वॉर्मनं ही चढाओढ फक्त आपापल्या मित्रांपुरती केली. जुने लोक भडकले, आणि पुढच्या वर्षी कंपनीला सगळ्यांसाठीचं मेयरपद परत आणावं लागलं. मित्राला हरवण्यात मजा कमी असते. अनोळखी माणूस आपल्याच गाड्यावर आपल्यापेक्षा जास्त वेळा येऊन गेला, हे जास्त टोचतं.

आता काळजीची बाजू. २०१० च्या फेब्रुवारीत प्लीज रॉब मी नावाची एक साइट निघाली. लोकांनी ट्विटरवर उघड टाकलेली चेक-इन ती एका यादीत दाखवायची आणि सुचवायची की ही घरं आत्ता रिकामी आहेत. थट्टा होती, पण बरोबर होती. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपनं २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरच्या धावण्या-सायकलींचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात दोन महिन्यांनी लोकांना लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळलेल्या सापडल्या. एकट्यादुकट्याची नोंद निरुपद्रवी असते; रोज त्याच वेळी त्याच वाटेवरून केलेल्या हजार नोंदी एकत्र आल्या की त्या बोलायला लागतात.

माझी भाची राजारामपुरीत राहते. ती पोचल्यावर कधीच चेक-इन करत नाही, निघताना करते. "होते" कळू दे, "आहे" कळायला नको, असं तिचं म्हणणं. माझ्या मते हा आतापर्यंत ऐकलेला सर्वांत चांगला नियम आहे आणि तुमच्या ॲपमध्ये तो पहिल्यापासून असावा: नोंद तत्काळ व्हावी पण इतरांना दिसायची तर काही तासांनी, आणि मुळात कुणालाच न दिसणं हेच सुरुवातीचं सेटिंग. घराला जागा म्हणून नोंदवू देऊ नका. सुरुवातीच्या वर्षांत लोक हौसेनं "आमचा राजवाडा" वगैरे नावानं स्वतःचं घर टाकायचे, आणि अचूक ठिपक्यासकट ते सगळ्या जगाला दिसायचं. ठिकाण साठवताना अक्षांश-रेखांशाचे पाच दशांश म्हणजे साधारण एक मीटर, तीन दशांश म्हणजे साधारण ११० मीटर. दुसऱ्याला दाखवताना तीनच ठेवा, शिवाजी पेठेत तेवढ्यात आख्खी गल्ली झाकते.

शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून घ्या, प्रोजेक्ट असला तरी. ज्या कामासाठी माहिती मागितली त्याच कामासाठी वापरायची, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. कॉलेजच्या प्रोजेक्टमधून ॲप बाहेर पडलं की पहिले गिऱ्हाईक अकरावी-बारावीचेच असतात.

चालेल का, या प्रश्नावर. "कोल्हापूरचं फोरस्क्वेअर" म्हणून काढलं तर नाही. मित्र जमवा, फीड बघा, लाईक द्या, हे लोकांकडं आधीच नको तितकं आहे. पण एखादी मर्यादित फेरी घेतली तर चालेल असं माझं मत आहे. पाच खेटे. पन्हाळा ते पावनखिंडीच्या पावसाळी वाटेवरचे टप्पे. जिल्ह्यातले किल्ले. अगदी मिसळसुद्धा, पण मिसळीची यादी जाहीर केलीत की भांडणं सुरू होतील, ती तुमची तुम्ही निस्तरा. फेरीला शेवट हवा. रोज उघडायला लावणारं, एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणणारं काही करू नका. खेट्याला वर्षभराचा अवकाश असतो म्हणून तो पिढ्यान् पिढ्या चालतो.

तांत्रिक बाबतीत एकच गोष्ट आग्रहानं सांगेन: नेटवर्क नाही असं धरूनच लिहा. खेट्याच्या दिवशी डोंगरावर एका टॉवरवर हजारो फोन असतात, आणि पावनखिंडीच्या वाटेवर तर टॉवरच विसरा. बटण दाबलं त्या क्षणाची वेळ आणि ठिकाण फोनातच लिहून ठेवा, पुढं कधीतरी सर्व्हरला पाठवा. "पुन्हा प्रयत्न करा" असा निरोप गायमुखाला अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला दाखवलात तर तो ॲप तिथंच काढून टाकेल. आणि सगळी नोंद एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय ठेवा. तुमचं ॲप दोन वर्षांत बंद पडेल, रागावू नका, बहुतेक पडतात. लोकांची रोजनिशी त्याबरोबर जाता कामा नये.

जागांची यादी शून्यातून करू नका. फोरस्क्वेअरनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभरातल्या दहा कोटींहून जास्त ठिकाणांचा डेटा मोफत खुला केला आहे, अपाचे या मुक्त वापराच्या परवान्याखाली. लोकांनी मिळून केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा आहेच. दोन्ही उतरवून घ्या, कोल्हापूरपुरतं कापा, आणि मग खरं काम सुरू होतं, ज्याचा तुम्ही अंदाज केलेला नाही.

ते काम नावांचं आहे. एकच देऊळ अंबाबाई, महालक्ष्मी, आणि इंग्रजीतल्या चार स्पेलिंगांनी असेल. हे दुरुस्त करायचं म्हणजे एक ठेवून बाकीची पुसायची असं नव्हे. सगळी नावं एकाच जागेला जोडायची, म्हणजे ज्याला जे म्हणायचं ते लिहिल्यावर सापडेल. पापाची तिकटी, बिंदू चौक, गंगावेस ही दुकानं नाहीत, इमारती नाहीत, तरी माणूस "तिथं" असतो. या जागांना कुंपण कुठं घालणार? आणि प्रकार कोणता लावणार? प्रकारांच्या बहुतेक याद्या परदेशात तयार झालेल्या. त्यांत कॉफी शॉप आहे, बार आहे. तालमीला हमखास "जिम" लावलेलं सापडतं. तालीम म्हणजे आखाडा, शिवाय गणपतीचं मंडळ, फुटबॉलचा संघ, निवडणुकीतलं ठाणं आणि रात्री अकरानंतर पेठेतला कट्टा. तिथं गेलेल्या माणसाला "जिममध्ये आहे" म्हणून दाखवलंत तर पेठेत त्याला तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

माझी फसगत झाली ती दूध कट्ट्यावर. एका कामात गंगावेशीच्या कट्ट्याची नोंद करायची होती. म्हैस समोर बांधलेली, धार काढली की फेसाळ दूध तिथंच ग्लासात, उभ्या उभ्या प्यायचं. आमच्याकडं आलेल्या यादीत "डेअरी" होतं, "ज्यूस बार" होतं, "फार्म" होतं. डेअरी लावलं तर लोक दुधाच्या पिशव्या मिळतील म्हणून शोधत येणार. फार्म लावलं तर भर पेठेत शेत. ज्यूस बार लावायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी "इतर" लावून मोकळा झालो, आणि ते अजून मनाला लागून आहे. दुपारी पाहणीला पाठवलेला मुलगा त्यावर ताण: परत येऊन म्हणाला, तिथं काहीच नाही सर, नुसता मोकळा कट्टा आहे.

तेव्हा कोड लिहायच्या आधी वही घेऊन पन्नास जागा स्वतः पायी फिरून नोंदवा. लोक त्या जागेला काय म्हणतात ते तिथं उभ्या असलेल्या माणसाला विचारून तसंच्या तसं लिहा, सुधारू नका. गंगावेशीपासून सुरुवात केलीत तर बरं, फक्त दुपारी जाऊ नका. संध्याकाळी दिवे लागल्यावर जा, आणि प्रकाराच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं तर मलाही कळवा.